‘डाव्या अंगाची दाढ’ म्हणजे नेमकी कोणती? तोंडातल्या दातांचे पत्ते असे वाचा

“डॉक्टरसायब, डाव्या अंगाची दाढ लई ठणकायलीय बगा. रातभर डोळ्याला डोळा नाही.”

“कोणती, मावशी? वरची का खालची?”

“हीच की!” म्हणत मावशींनी अख्खा तळहात गालावर दाबला. त्या तळहाताखाली उपदाढा धरून दहा दाढा होत्या.

अंबाजोगाईच्या परिसरात दातांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे हा संवाद बाजारच्या दिवशी पाच-सहा वेळा तरी होतोच. फोनवर तर आणखी पंचाईत. केज, धारूर, परळीकडून कुणाचा तरी मुलगा फोन करतो, ‘आईची दाढ हलायलीय, काढायला किती लागतील?’ आता कोणती दाढ हे कळल्याशिवाय मी काय सांगू? एका मुळाची उपदाढ काढणं वेगळं आणि जबड्यात आडवी रुतून बसलेली अक्कलदाढ काढणं वेगळं. वेळही वेगळा, खर्चही वेगळा.

प्रत्येक दाताला पत्ता असतो, गल्ली आणि घर नंबरासकट. तो वाचायला अर्धा तास पुरतो. आरसा घ्या, मोबाइलची टॉर्च लावा आणि आधी हात साबणाने धुऊन या, कारण बोट तोंडात घालायचंय.

पहिलं काम: डावं-उजवं पक्कं करा

दवाखान्यात डावं-उजवं म्हणजे कायम पेशंटचं डावं-उजवं. डॉक्टर समोर उभा असतो, त्यामुळे पेशंटची उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला येते. कागदावरचा दातांचा तक्ताही तसाच काढतात: कागदाच्या डाव्या कडेला पेशंटचे उजवे दात. ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा लांबट एक्स-रेही असाच वाचायचा, जणू तो माणूस आपल्यासमोर बसलाय.

आरशात मात्र तसं नसतं. तिथे तुमची उजवी बाजू उजव्या हातालाच दिसते. म्हणून आरशात बघून कागदावरच्या तक्त्यावर खूण केली की हमखास उलटी होते.

इंटर्नशिपच्या दिवसांत मी स्वतः हे शेण खाल्लंय. एका शेतकरी काकांची खालची डावी दाढ किडली होती. मी समोरून बघितलं, माझ्या उजव्या हाताला दिसली आणि चिठ्ठीवर ‘खालची उजवी’ लिहून त्यांना एक्स-रेला पाठवलं. धडधाकट दाढेचा सुंदर एक्स-रे आला. सर काही बोलले नाहीत. फिल्म उजेडाला धरून नुसते माझ्याकडे बघत राहिले.

हल्ली यात व्हॉट्सॲपची भर पडलीय. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा सेव्ह होतो, काहींत सरळ. समोरच्याला कळायला मार्ग नाही. फोटो मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा आणि खाली लिहा: ‘माझी डावी बाजू’. त्या तीन शब्दांनी माझे दोन फोन वाचतात.

आता मोजा, पण मधून

वरचे पुढचे दोन मोठे दात जिथे एकमेकांना टेकतात, ती मध्यरेषा. मोजणी कायम तिथून सुरू करायची आणि मागे गालाकडे जायचं. मागून पुढे मोजायला लागलात तर अक्कलदाढ आली आहे की नाही इथेच गाडी अडते.

पहिला आणि दुसरा हे पटाशीचे दात. सुताराची पटाशी आठवा: चपटी, पुढे धार. काम तेच, तुकडा पाडणं. तिसरा सुळा, एकाच टोकाचा आणि तोंडातल्या सगळ्यांत लांब मुळाचा. चौथी आणि पाचवी उपदाढ, बहुधा दोन उंचवट्यांची. सहावी, सातवी आणि आठवी या खऱ्या दाढा, चार-पाच उंचवट्यांच्या, जात्याच्या पाळीसारख्या रुंद. आठवी म्हणजे अक्कलदाढ. ती साधारण १७ ते २१ वर्षांच्या दरम्यान किंवा नंतरही येते, आणि काहींना येतच नाही. त्याचा अकलेशी संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको.

दोन, एक, दोन, तीन. एका बाजूला आठ, अशा चार बाजू, एकूण ३२. शाळेत सहावी-सातवीला हे पाठ केलेलं असतं, पण तेव्हा कुणी तोंडात बोट घालून मोजायला लावत नाही.

ही विभागणी खरी आहे का, ते ऊस खाताना बघा. सोलायला कांडं आपोआप तोंडाच्या कोपऱ्याकडे, सुळ्या-उपदाढेपाशी जातं, तुकडा तोडला की चघळायला मागे सरकतो. कुणी शिकवलेलं नसतं. हुरड्याचा दाणा मात्र थेट सहाव्या-सातव्या दाढेवर जातो आणि तिथल्या खाचांत बसतो. कीडही बहुतेकदा त्याच खाचांतून सुरू होते, कारण ब्रशचा केस खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही.

एक ठेच लागते ती इथे. मधली एखादी दाढ काढलेली असेल तर पुढचा नंबर सरकवायचा नाही. सहावी काढली, तरी तिच्यामागची सातवीच. घर पाडलं म्हणून शेजाऱ्याचा घर नंबर बदलत नाही. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी काढलेल्या जागेत मागची दाढ पुढे झुकून बसते आणि मोजणी चुकते. म्हणून ‘इथली एक दाढ पूर्वी काढलीय’ हे आधीच सांगून टाका.

दोन आकड्यांचा पत्ता

आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत एफडीआय पद्धतीने नंबर लिहितात. पहिला आकडा गल्लीचा, दुसरा घराचा. वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. समोरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरायचं. दुसरा आकडा आत्ताच मोजलेला, १ ते ८.

खालच्या डाव्या बाजूची सहावी दाढ म्हणजे ३६. वाचताना ‘छत्तीस’ म्हणायचं नाही, ‘तीन-सहा’ म्हणायचं. बत्तीस दात असताना छत्तीस नंबर कुठून आला, असं मला एका गुरुजींनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता.

दुधाच्या दातांना त्याच क्रमाने ५, ६, ७, ८ अशा गल्ल्या. मुलांना एका बाजूला पाचच दात: दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. एकूण २०. दुधाच्या दातांत उपदाढा नसतातच. मुलाच्या कागदावर ८५ दिसलं तर घाबरू नका, ती खालची उजवी दुधाची दुसरी दाढ.

जुन्या डॉक्टरांच्या कागदावर अधिकच्या चिन्हासारखी फुली आणि तिच्या कोपऱ्यात एकच आकडा दिसेल. ती पामर पद्धत. फुलीचा कोपरा गल्ली सांगतो. अमेरिकेत मात्र १ ते ३२ सलग मोजतात, वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून. आपली ३६ त्यांच्याकडे १९. तिकडून सुटीवर आलेल्या मुलाचा रिपोर्ट घेऊन याल तेव्हा ही गडबड ध्यानात असू द्या.

दाताच्या पाच बाजू

पत्ता कळला, आता घराची कोणती भिंत पडलीय ते. दाढेला पाच बाजू दिसतात. चावायची बाजू ऑक्लुजल. गालाकडची बकल. जिभेकडची लिंग्वल, पण वरच्या जबड्यात तीच टाळूकडे असते म्हणून पॅलॅटल. राहिल्या दोन, शेजारच्या दातांना टेकणाऱ्या: मध्यरेषेकडची मेसियल आणि तिच्या उलट, मागची डिस्टल. पुढच्या दातांना चावायच्या पृष्ठभागाऐवजी धार असते, ती इन्सायजल, आणि ओठाकडची बाजू लेबियल.

मेसियल-डिस्टलला सगळेच गोंधळतात, अगदी पहिल्या वर्षाचे विद्यार्थीसुद्धा. सोपी युक्ती: मोजताना ज्या दिशेने आलात ती मेसियल, ज्या दिशेने पुढे जाणार ती डिस्टल. एका दाताची डिस्टल कायम पुढच्याच्या मेसियलला टेकते. अख्ख्या जबड्यात फक्त मध्यरेषेवर दोन मेसियल समोरासमोर येतात.

आता टॉर्च लावून खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू बघा. पिवळट-तपकिरी खर दिसतेय? बहुतेकांना दिसते. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेतले क्षार तिथे बसतात. वरच्या सातव्या दाढेसमोर गालाच्या आतून बारीक फुगवटी लागेल, तीही लाळेचीच वाट, म्हणून तिथल्या दाढांच्या बकल बाजूलाही खर लवकर धरते. ही खर ब्रशने निघत नाही. आणि ‘दात साफ केले की हलायला लागतात’ हे खरं नाही: हिरडी आधीच सुटलेली असते, खरीने दात धरून ठेवल्यासारखे वाटत असतात, एवढंच.

आत काय आहे, आणि मावशींना दाढ का सांगता आली नाही

हिरडीच्या वर दिसतो तो दाताचा मुकुट, क्राउन. जबड्याच्या हाडात रुतलेली ती मुळं. दोन्हींच्या सांध्याला मान म्हणतात. पुढच्या दातांना बहुधा एक मूळ, खालच्या दाढांना दोन, वरच्या दाढांना तीन.

मुकुटावर एनॅमलचं कवच. शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. हाडाहून टणक, पण हाडासारखं भरून येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. दाढेच्या उंचवट्यावर ते दोन-अडीच मिलिमीटर जाड, मानेपाशी कागदासारखं पातळ. मिसरी किंवा भरड दंतमंजन बोटाने वर्षानुवर्षं आडवं घासणाऱ्या आज्यांच्या दातांना मानेपाशीच कुऱ्हाडीचा घाव बसल्यासारखी खाच पडते, ती यामुळे. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिलाही आहे. ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती मिसरी लावतो’ हे वाक्य मी रोज ऐकतो.

एनॅमलच्या आत डेंटिन, पिवळसर आणि जिवंत. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात. कैरी खाऊन दात आंबतात, थंड पाण्याने सणक जाते, ती या नळ्यांतला द्रव हलून. त्याच्याही आत पल्प, म्हणजे आपण जिला ‘दाताची नस’ म्हणतो ती. खरं तर ती एकटी नस नसते. रक्तवाहिन्या, चेता आणि मऊ ऊती असा सगळा संसार असतो आणि मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून त्याला रसद मिळते.

मूळ हाडात सिमेंटने चिकटवल्यासारखं नसतं. मध्ये साधारण ०.२ मिलिमीटरचा धाग्यांचा पडदा असतो, लिगामेंट. दाढ त्यात टांगलेली असते. भाकरीत बारीक खडा आला की क्षणात कळतं ते या पडद्यामुळे, कारण दाब ओळखणारी यंत्रणा त्यात आहे. पल्पला दाब ओळखता येत नाही, जागाही नीट सांगता येत नाही.

इथेच मावशींचं उत्तर आहे. सूज पल्पपुरती असते तेव्हा ठणका गालभर, कानापर्यंत, कधी वरची की खालची तेही कळू न देता पसरतो. आडवं झालं की वाढतो, म्हणून रात्र जागून निघते. सूज मुळाच्या टोकातून बाहेर, लिगामेंटपर्यंत गेली की माणूस बरोबर एका दाढेवर बोट ठेवतो: ‘ही! हिच्यावर चावलं की जीव जातो.’ त्यामुळे दाढ सांगता येत नसेल तर ‘कळत नाही’ असंच सांगा. तीही माहितीच आहे. ठणका सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, म्हणून डावं-उजवं तेवढं ठाम सांगा.

जाता जाता: वरचा सुळा काढला की नजर जाते, ही भीती अजून गावोगावी आहे. सुळ्याचं मूळ लांब आणि डोळ्याच्या दिशेने असतं खरं, पण डोळ्याने बघायची चेता वेगळीच. दात काढल्याने तिला काही होत नाही.

सहा वर्षांची दाढ: इथे थांबून वाचा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. दुधाचा पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतो, बहुधा खालचा पुढचा. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस पूर्ण होतात. पुढे सहाव्या वर्षाच्या सुमारास, पोरगं पहिलीत जातं त्याच वेळी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक मोठी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. पत्र्यावर फेकायला काही नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

ही कायमची दाढ: १६, २६, ३६, ४६. जन्मभर पुरवायची. आणि आठ वर्षांच्या मुलाची ३६ किडून खड्डा पडलेला असतो तेव्हा आई म्हणते, “दुधाचीच हाय ना, पडंल की.” पडणार नाही.

ओळखायची कशी? मुलाला उजेडाला बसवा आणि मधून मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाच्या मागे सहावं काही असेल तर ते कायमचं. दुधाच्या दाढा पांढऱ्याशुभ्र आणि लहान, ही थोडी पिवळसर, मोठी आणि खोल खाचांची. खाचा किडायच्या आधीच सीलंट लावून बुजवता येतात. इंजेक्शन नाही, मशीन नाही, मूलही रडत नाही.

याच वयात दोन गोष्टींनी आईबाप घाबरून येतात. कायमचे पटाशीचे दात पिवळे दिसतात आणि धारेला करवतीसारखे तीन दाते असतात. दोन्ही ठीक आहे, दाते चावून झिजतात. दुसरं, खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून, जिभेकडून उगवून दुहेरी रांग दिसते. जुना दात हलत असेल तर हलवू द्या, पडला की जीभ नव्याला पुढे ढकलते. अजिबात हलतच नसेल तर दाखवा.

डाग वरचा की आतला

नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवट भागात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी, म्हणजे एनॅमल घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत पोटात गेलं तर दातांवर खडूसारखे पट्टे येतात, पुढे तपकिरी होतात. डाव्या-उजव्या जोडीदार दातांवर डाग सारखेच दिसतात, ही त्याची खूण. डाग एनॅमलच्या आतच असतो. घासून जात नाही. घासणाऱ्याचा दात जातो.

तंबाखू-मिसरीचा डाग याच्या उलट. हिरडीच्या कडेला आणि दातांच्या फटींत चिकटतो, नखाने खरवडल्यासारखा लागतो आणि साफसफाईत निघतो.

दात निखळून हातात आला तर

मोटारसायकलवरून पडून किंवा बॅट लागून कायमचा दात अख्खा निघाला, तर मुकुट आणि मूळ यांतला फरक माहीत असणं इथे दात वाचवतं. दात मुकुटाला धरा. मुळाला हात नको, त्यावर लिगामेंटचे जिवंत धागे चिकटलेले असतात. माती लागली असेल तर गार पाण्याखाली फार तर दहा सेकंद धरा, चोळू नका. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवा, नाहीतर दुधात टाका आणि अर्ध्या-एक तासात दवाखाना गाठा. कागदात, रुमालात बांधून आणलेला दात सुकलेला असतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

चिठ्ठी वाचू या

‘३६ डीओ’: खालची डावी सहावी, कीड डिस्टल आणि ऑक्लुजल बाजूला. ‘४६ एमओडी’: मेसियल, ऑक्लुजल, डिस्टल तिन्ही बाजू गेल्या, म्हणजे मोठं भरणं किंवा कॅप. ‘आरसीटी’ म्हणजे रूट कॅनाल. हिरडी तपासताना डॉक्टर ‘तीन, दोन, तीन’ असं पुटपुटत असतील तर ते हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतायत. तीनपर्यंत ठीक, चार-पाचच्या पुढे हिरडीचा आजार. दात काढायला खुर्चीत बसलात की चिठ्ठीवरचा नंबर आणि तुमचा ठणकणारा दात एकच आहे ना, हे स्वतः बोलून घ्या. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

मावशींच्या खालच्या दाढांवर मी एकेक करून बर्फाचा बोळा टेकवला. मावशी ढिम्म. वरच्या सहाव्या दाढेला टेकवला आणि त्यांनी माझं मनगटच धरलं. वरचा का खालचा ते सांगता न आलेला ठणका वरचा निघाला. चिठ्ठीवर लिहिलं, ‘२६, आरसीटी’. सोबत आलेल्या नातवाने ती वाचली, आजीच्या तोंडात टॉर्च मारून मधून सहा मोजले आणि बापाला फोन लावला: “वरची डावी, सहा नंबर. आन् पप्पा, सव्वीस नाय म्हणायचं, दोन-सहा.”